पट्टी गादीखाली, गजर ठाण्याला

पत्र (थोडं आटोपतं करून)

आम्ही दोघं गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. हे ७३ वर्षांचे, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. मी ६८ची. मुलगा-सून ठाण्याला. दिवाळीत मुलानं यांच्या गादीखाली एक चपटी पट्टी घातली आणि समोरच्या भिंतीवर साबणाच्या वडीएवढी डबी चिकटवली. यांची झोप, श्वास, नाडी सगळं त्याला तिकडे मोबाइलवर दिसतं. तेव्हापासून रोज चहाच्या आधी फोन. "बाबा तीनला का उठले? श्वास चोवीस कसा? गाढ झोप चाळीसच मिनिटं?" एप्रिलमध्ये उकाडा वाढला म्हणून एका रात्री हे पडवीत चटई टाकून झोपले. यंत्रानं कळवलं, खाटेवर कुणी नाही. आमचे फोन लागेनात, तेव्हा मुलानं पहाटे साडेचारला पलीकडच्या वाडीतल्या एकाला उठवून आमच्याकडे धाडलं. तो बिचारा बॅटरी घेऊन धावत आला, तर हे पडवीत घोरतायत. आता यांचं एकच, "चिरंजीवानं माझ्यावर शिपाई बसवलान्." दोनदा पट्टी काढून कपाटावर ठेवली. मला दोन्हीकडून ऐकावं लागतं. खरं सांगायचं तर यांच्या घोरण्याची मलाही धास्ती वाटते. घोरता घोरता एकदम शांत होतात, मग दचकल्यासारखा मोठा श्वास घेतात. दिवसा पेपर हातात धरून डुलक्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. या यंत्राच्या लहरींचा काही अपाय आहे का? ते दाखवतं ते खरं किती? आणि ते ठेवू की काढू?

— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर

ताई,

ठेवा. जोडणी तेवढी बदला. पट्टीनं काही म्हटलं की ते अडीचशेएक किलोमीटरवरच्या माणसाला ऐकू जातं आणि कुंपणापलीकडच्याला जात नाही, सगळा घोळ इथे आहे. त्याकडे शेवटी येतो, कारण तुमच्या पत्रात त्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि तुम्ही ती "खरं सांगायचं तर" म्हणून मध्येच सांगून टाकली आहे.

आधी माझ्याबद्दल एक वाक्य. मी डॉक्टर नाही. रुग्णालयांतले मॉनिटर आणि ईसीजीची यंत्रं दुरुस्त करण्यात माझी नोकरी झाली. त्यामुळे यंत्र काय मोजतं आणि काय नुसतं अंदाजानं सांगतं, हे मी सांगेन. गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

लहरींचा प्रश्न लवकर संपतो. गादीखालची पट्टी अंगात काहीच सोडत नाही, ती फक्त दाब टिपते. तिच्या वायरच्या टोकाची डबी वाय-फायवरून माहिती पाठवते, एवढंच. भिंतीवरची डबी हे छोटं रडार असावं. अशी रडारं बहुधा २४ किंवा ६० गिगाहर्ट्झवर चालतात. ६०ची लहर कातडीत मिलिमीटरभरही शिरत नाही, आणि तिची ताकद तुम्ही कानाला लावता त्या मोबाइलपेक्षा बरीच कमी असते. क्ष-किरणांशी तिचा संबंध नाही. यजमानांना पेसमेकर बसवलेला असेल तर हृदयतज्ज्ञांच्या कानावर घाला, नसेल तर हा विषय डोक्यातून काढा. डबीत कॅमेराही नाही. पण त्यावर लगेच निर्धास्त होऊ नका. खोलीत कोण कितीला आलं, किती वेळा उठलं, किती वेळ जागं होतं, हे फोटोशिवायही कळतं आणि ते ठाण्याला जातं. सूनबाईही तोच मोबाइल बघत असतील. तुमच्या यजमानांची चिडचीड मला तरी अवाजवी वाटत नाही.

आता पट्टीला नाडी कळते कशी ते सांगतो. एकदा हे कळलं की रोजच्या फोनमधले निम्मे प्रश्न आपोआप गळून पडतात.

१८७७ साली गॉर्डन नावाच्या एका संशोधकानं लिहून ठेवलं की स्प्रिंगच्या वजनकाट्यावर माणूस स्तब्ध उभा राहिला तरी काट्याची सुई हलत राहते, आणि ती हृदयाच्या ठोक्यांच्या तालावर हलते. हृदय रक्त वर ढकलतं तेव्हा उरलेलं शरीर किंचित उलट दिशेला सरकतं. होडीतून धक्क्यावर उडी मारली की होडी मागे जाते ना, तसं. १९३०च्या दशकात अमेरिकेत आयझॅक स्टार या डॉक्टरांनी रुग्णाला हलत्या पाटावर झोपवून हा झटका कागदावर उमटवला. त्याला बॅलिस्टोकार्डिओग्राफी म्हणतात. पुढे ईसीजी आणि सोनोग्राफीपुढे ही पद्धत मागे पडली, कारण तेवढा नाजूक झटका गोंगाटातून वेगळा काढणं अवघड होतं. आता ते काम संगणक करतो, म्हणून तीच जुनी युक्ती गादीखाली परत आली. बंगळुरूच्या डोझी कंपनीच्या अशा पट्ट्या आपल्याकडच्या रुग्णालयांत कोविडच्या काळापासून दिसू लागल्या.

रडारचं तत्त्व याहून सोपं. लहर छातीवर आपटून परत येते. श्वासाबरोबर छाती काही मिलिमीटर वरखाली होते, ठोक्याबरोबर मात्र मिलिमीटरच्या एखाद्या अंशानंच हलते. ६० गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अवघी ५ मिलिमीटर असल्यानं परत आलेली लहर किती पुढेमागे सरकली यावरून एवढी बारीक हालचालही पकडता येते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या दीना कताबी यांच्या गटानं २०१५ साली दाखवलं होतं की आठ मीटरवरून, मधे भिंत असतानाही श्वास आणि नाडी मोजता येते, आणि आकडे जवळजवळ बिनचूक येतात. अट एकच, माणूस बऱ्यापैकी स्थिर हवा.

ही अट तुमच्या घरात किती पाळली जाते, ते बघा. कापसाची जुनी जाड गादी झटका गिळून टाकते. पट्टी छातीच्या पातळीवर, थेट लाकडी फळ्यांवर हवी. रात्रीतून ती कमरेकडे सरकते आणि मग काहीतरीच आकडे येतात. डगमगणारा पंखा, त्यानं हलणारी मच्छरदाणी, खिडकीचा पडदा, हे सगळं रडारला दिसतं. मांजर पायथ्याशी येऊन झोपलं तर तेही. आणि दुपारी तुम्ही त्याच खाटेवर पाठ टेकली असेल, तर तो अर्धा तासही यजमानांच्या नावावर जमा झाला. श्वास चोवीस आला त्या रात्री यातलं काय होतं, हे ठाण्याहून कसं कळणार?

श्वासाच्या आकड्यावर मी पुष्कळ भरवसा ठेवेन, नाडीच्या सरासरीवर ठेवेन, "गाढ झोप चाळीस मिनिटं" यावर फारसा ठेवणार नाही. झोपेच्या पायऱ्या ठरतात मेंदूच्या लहरींवरून. झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला, डोळ्यांशेजारी, हनुवटीला तारा लावतात आणि रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा तपासतात. एवढं करूनही दोन तज्ज्ञांचं एकमत साधारण ऐंशी-ब्याऐंशी टक्के तुकड्यांवरच होतं. गादीखालच्या पट्टीला मेंदू दिसतच नाही. हालचाल, श्वास आणि नाडी यांवरून ती अंदाज बांधते. मुख्याध्यापक पहाटे चारला जागे होऊन डोळे मिटून पडल्या पडल्या रामरक्षा म्हणत असतील, तर ते पट्टीच्या हिशेबात शांत झोपलेले आहेत. शिवाय वयाबरोबर गाढ झोप कमी होतेच, आणि त्र्याहत्तराव्या वर्षी लघवीला एकदा उठणं हा आजार नव्हे. त्यावरून सकाळी सातला उलटतपासणी नको, हे मुलाला माझ्या नावावर सांगा.

मग आकडे बघायचे तरी कशासाठी? चढ-उतारासाठी, आणि तोही त्याच माणसाच्या गेल्या महिन्याशी ताडून. विश्रांतीत प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो, हे पुस्तकातलं झालं. तुमच्या यजमानांचा एरवी सोळा-सतरा असेल आणि तो सलग चार-पाच रात्री वर वर सरकत असेल, सोबत नाडीही वाढत असेल, तर ती बातमी आहे. ताप एक अंश सेल्सिअस चढला की नाडी मिनिटाला दहाएक ठोक्यांनी वाढते. छातीत जंतुसंसर्ग असेल किंवा हृदय थकून फुप्फुसांत पाणी साठू लागलं असेल तर श्वास आधी वाढतो आणि माणूस मागाहून तक्रार करतो. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात-चिखलात वावरून ताप आला तर तो लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, असू शकतो, तिथे दोन दिवस वाट बघणं परवडत नाही. अशा वेळी पट्टीनं लवकर कुजबुज केली तर ती ऐकावी. एका रात्रीचा उंच आकडा मात्र सोडून द्यावा. लग्नघरी उशिरा जेवण झालं, कुणाबरोबर दोन घोट झाले, तरी नाडी रात्रभर चढी राहते. कुणाच्या घरी काय होतं हे मी विचारणार नाही.

आता ते घोरणं.

घोरता घोरता शांतता, मग दचकून मोठा श्वास, दिवसा डुलक्या, आणि गोळ्या लागणारा रक्तदाब. ताई, ही चार वाक्यं एकत्र वाचली की कुठलाही छातीविकार तज्ज्ञ खुर्चीत पुढे सरकून बसेल. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होण्याचा हा प्रकार असू शकतो; त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. वाट बंद झाली की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो, पुन्हा झोप, पुन्हा तेच. झोपलेल्याला यातलं काही आठवत नाही. तो सकाळी "मस्त झोप झाली" म्हणतो आणि दहा वाजता पेपर हातातून गळतो. अशा माणसाचा रक्तदाब बऱ्याचदा गोळ्यांना दाद देत नाही, हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो, आणि तो स्कूटर चालवत असेल तर धोका रस्त्यावरच्या इतरांनाही असतो. गुहागर-चिपळूण रस्ता, दुपारची वेळ आणि मागे तुम्ही बसलेल्या, हे चित्र मला आवडत नाही. तपासणी होईपर्यंत लांबचं चालवणं बंद.

मुलाच्या मोबाइलवर "श्वासात अडथळे" असं काही दाखवत असेल, पण त्यावर निदान होत नाही. पट्टीला ऑक्सिजन कळत नाही. त्यासाठी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर लागतं, जे लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून पार करून रक्ताचा रंग वाचतं. खरी तपासणी म्हणजे स्लीप स्टडी. सगळ्यांनाच रात्रभर रुग्णालयात राहावं लागत नाही. बऱ्याच जणांना एक छोटं यंत्र घरी देतात. नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर, एवढं लावून एक रात्र झोपायचं. निदान दहा सेकंद श्वास थांबला किंवा फारच उथळ झाला, असं तासाला किती वेळा घडतं ते मोजतात. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या पुढे तीव्र. चिपळूण किंवा रत्नागिरीला छातीविकार तज्ज्ञांकडे नाहीतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे चौकशी करा. ठाण्याला जाणं होणारच असेल तर तिथे करा. कुठे करता हे महत्त्वाचं नाही, गणपतीनंतर बघू असं मात्र म्हणू नका.

जाताना तीन गोष्टी न्या. चालू गोळ्यांची पाकिटं, आठवडाभराचा लिहिलेला रक्तदाब, आणि तुमच्या मोबाइलवर केलेला यजमानांच्या घोरण्याचा व्हिडिओ. फोन उशाजवळ ठेवून पाच मिनिटं चालू करा. शांतता आणि दचकणं त्यात यायला हवं. तुमच्या कानांनी इतकी वर्षं जे टिपलं आहे ते त्या पट्टीला सहा महिन्यांत जमलेलं नाही, म्हणून डॉक्टरांकडे तुम्ही आत जायचं, बाहेर बाकावर बसून राहायचं नाही. निदान पक्कं झालं तर बहुधा सीपॅप नावाचं यंत्र सुचवतील. ते मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवतं. पहिले काही दिवस प्रत्येकजण त्याला शिव्या देतो. आपल्याकडची अडचण वेगळीच, जूनपासून वीज कधी जाईल याचा नेम नाही. तेव्हा इन्व्हर्टरवर किती तास चालेल हे विकत घेतानाच विचारा. त्यातला हवा दमट करणारा भाग बंद ठेवला तर वीज बरीच कमी लागते, आणि आपल्या पावसाळी हवेला त्याची फारशी गरजही नसते. तोवर पाठीवर न झोपता कुशीवर झोपायला लावा.

यजमान हे ऐकतील का? "शिपाई" म्हणणारा माणूस एका कारणानं चिडलेला आहे, त्याच्या झोपेचं पुस्तक त्याच्या हातात नाही. ज्यांनी आयुष्यभर हजेरीपट सांभाळला त्यांची हजेरी पोरगा घेतोय. तेव्हा ॲप त्यांच्या स्वतःच्या फोनवर घाला आणि पासवर्ड त्यांना द्या. आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याच्याही मुळाशी संमतीच आहे, पण घरात कायदा काढायची वेळ येऊ नये. मुलाला रोजचे आकडे दिसायची गरज नाही. मुख्याध्यापकांनी दर रविवारी आठवड्याचा आलेख स्वतः बघावा आणि वाटलं तर त्याला पाठवावा. माझा अंदाज असा की महिन्याभरात तेच लाल शाईनं शेरे मारू लागतील. नाहीच म्हणाले, तर पट्टी कपाटावर राहू दे. शुद्धीवर असलेल्या, डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाचं नाही हे नाही. स्लीप स्टडीचा आग्रह मात्र तेव्हाही सोडू नका, ती गोष्ट वेगळी.

आणि आता तो साडेचारचा गजर.

मुलाला दोष देत नाही. लांब राहणाऱ्याला रात्री जाग आली की पहिला विचार आईबापांचाच येतो, आणि हातात मोबाइल असतो. पण समजा त्या पहाटे खरंच काही झालं असतं. ठाण्यात फोन वाजला असता, त्यानं तुम्हाला तीनदा लावला असता, रेंज नाही, मग कुणाचा तरी नंबर शोधला असता. यात जी पंधरा-वीस मिनिटं जातात ती त्या यंत्रानं वाचवलेली नाहीत, उलट खाल्ली आहेत. म्हणून गजराच्या यादीत पहिलं नाव तुमचं हवं. पडवीत झोपले असतील तर तुम्ही कूस बदलून बघाल आणि गजर बंद कराल, दहा सेकंदांचं काम. दुसरं नाव जवळपासच्या एखाद्या धडधाकट माणसाचं, ज्याच्याकडे गाडी आहे आणि जो रात्री फोन उशाशी ठेवतो. त्याला आधी विचारा, मागच्या दाराची किल्ली त्याच्याकडे द्या. त्या बॅटरीवाल्यालाच विचारलंत तर बरं, बिचाऱ्यानं परीक्षा आधीच दिली आहे. मुलाचं नाव तिसरं. आणि "खाटेवर कुणी नाही" ही सूचना उन्हाळ्यापुरती बंदच करा. ॲपच्या सेटिंगमध्ये प्रत्येक सूचनेचं बटण बहुधा वेगळं असतं.

पावसाळ्यात वीज गेली की राउटर बंद, राउटर बंद की पट्टीही मुकी. ॲपवर काही दिसत नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असाही नाही आणि बिघडलं असाही नाही, हे मुलाला नीट समजावून सांगा, नाहीतर पहिल्याच वादळात बॅटरीवाला पुन्हा चिखलातून येईल. राउटरला इन्व्हर्टरची जोड द्या. घरात ज्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज हमखास मिळते, तिथे रात्री एक फोन चार्जिंगला ठेवा.

शेवटचं, १०८चं. छातीत कळ, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, श्वास लागून बसता न येणं, ओठ निळसर पडणं, यातलं काही दिसलं तर ॲप उघडू नका, मुलाला फोन करू नका, आधी १०८ लावा. आणि पत्ता सांगण्याची तयारी आजच करून ठेवा. "देवळाच्या खालच्या अंगाला, आगराच्या कडेनं" हे गावातल्याला कळतं, पण रुग्णवाहिकेचा चालक चिपळूणकडून आलेला असेल तर त्याला कळत नाही. मुख्य रस्त्यावरून वळायचं कुठे, तिथे कसली पाटी आहे, गाडी दारापर्यंत येते की पाखाडीशी थांबते, आणि पाखाडीशी थांबत असेल तर दिवा घेऊन तिथे उभं कोण राहणार, हे चार ओळींत लिहून फोनच्या शेजारी भिंतीवर चिकटवा. अक्षर मुख्याध्यापकांचं असू दे, ते वाचता येईल.